शिंगाडे उपटण्याचा मोसम

माझे माहेर भंडारा जिल्ह्यातले. साकोलीच्या बाजूला असलेल्या आमच्या गावाला एक मोठा तलाव आणि दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. दसरा उलटला की मासेमारी करणारे ढिवर त्या तलावात डोंगा घालून शिंगाडे तोडत आणि उकडलेल्या, काळपट सालीच्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन त्यांच्या घरच्या बाया दारोदार फिरत. एकादशीला होणारा शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आणि शाळेच्या वाटेवर दातांनी सोलून खाल्लेले शिंगाडे, एवढीच माझी त्या वेलीशी ओळख होती. आज वयाच्या पन्नाशीत मी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एका तळ्याच्या मधोमध कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीत, बसून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तीच वेल मुळासकट उपटते आणि टाकून देते. आमच्या वस्तीत दर उन्हाळ्यात हे काम कोणी, कधी आणि कोणत्या कोपऱ्यात करायचे, याची यादीही गेली काही वर्षे माझ्याच वहीत असते.

आम्ही २०१८ च्या ऑगस्टमध्ये इथे घर घेतले. तळ्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण मॉरिस काउंटीच्या बाहेर ते फारसे कोणाला ठाऊक नाही. राज्याच्या या वायव्य कोपऱ्यात अशी कितीतरी लहान तळी आहेत आणि त्यांतली बरीचशी १९२० ते १९४० च्या दरम्यान ओढ्यांवर बांध घालून मुद्दाम तयार केलेली आहेत. न्यूअर्क आणि न्यूयॉर्कच्या उकाड्यातून उन्हाळ्यापुरते बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी त्यांच्या काठांवर लाकडी बंगल्या बांधून विकल्या गेल्या, पुढे त्यांत हिवाळ्यात राहण्याजोगी सोय झाली आणि सुट्टीतल्या वसाहतींच्या बारमाही वस्त्या झाल्या. या भागातले सर्वांत मोठे जलाशय म्हणजे लेक होपॅटकाँग. ते सुमारे २५०० एकरांचे आहे आणि त्याची कथा आणखी जुनी आहे. मूळच्या दोन तळ्यांचे पाणी बांध घालून वाढवले गेले आणि १८३१ मध्ये न्यूअर्कपर्यंत सुरू झालेल्या मॉरिस कालव्याला तिथून पाणी मिळू लागले. कालवा १९२४ मध्ये बंद पडला, तळे मात्र राहिले.

मुद्दा असा की आमचे तळे माणसांनी केलेले आहे, त्याला मातीची पाळ आहे, सांडवा आहे, पाणी सोडायचे दार आहे, आणि त्या सगळ्याची मालकी काठावरच्या घरांच्या लेक असोसिएशनकडे आहे. पाळीला भेग गेली तर खर्च आमचा. माझ्यासारख्या बाईला हे पहिल्याच दिवशी उमगायला हवे होते, कारण मी मामा तलावांच्या मुलखातली आहे. माजी मालगुजारी तलाव या लांबलचक नावाचे आमच्याकडे मामा तलाव असे सुटसुटीत रूप झाले आहे. कोहळी समाजाने भातशेतीसाठी बांधलेले हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात गावच सांभाळत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर माती टाकायला गावाने एकत्र जाण्याची रीत हळूहळू मागे पडली. माझ्या लहानपणी ती रीत फक्त आजोबांच्या बोलण्यात उरली होती. त्यामुळे न्यू जर्सीत येईपर्यंत तळे राखणे म्हणजे काय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेले नव्हते.

पहिल्या वर्षी तेही पाहिले नाही. असोसिएशनची वार्षिक वर्गणी असते आणि तिच्याबरोबर वर्षातून दोनदा श्रमदानाला यावे लागते. न आल्यास काही रक्कम भरून सुटका होते. आम्ही ठाण्यात अनेक वर्षे सोसायटीत राहिलेलो होतो आणि मेंटेनन्सचा धनादेश दिला की आपले कर्तव्य संपले, ही सवय सोबत घेऊन आलो होतो. दोन्ही वेळा पैसे भरले. शेजारचे निवृत्त शाळामास्तर पाठीवर पानांची पोती टाकून आमच्या खिडकीसमोरून जाताना दिसले, तेव्हा मी आतून हात हलवला. ती आठवण आजही मला ओशाळवाणी वाटते.

२०१९ च्या जून महिन्याच्या अखेरीस होपॅटकाँगच्या पाण्यावर नील-हरित शैवालाचा जाड थर आला. पाण्याला अंग लावू नका, अशी सूचना राज्याच्या पर्यावरण खात्याने काढली आणि जवळजवळ सगळा उन्हाळा तिथले पोहणे थांबले. हे शैवाल म्हणजे खरे तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. त्यांच्यातले काही विषारी द्रव्ये तयार करतात, त्यांनी अंगावर पुरळ येते आणि असे पाणी प्यायलेली कुत्री दगावतातही. आमच्या तळ्याला त्या वर्षी काही झाले नाही, पण काही मैलांवर एवढे मोठे तळे ऐन मोसमात निकामी झालेले पाहून आमच्या वस्तीतल्या बैठकीला एरवी येणाऱ्यांच्या तिप्पट माणसे आली. त्यांत आम्ही दोघे होतो.

त्या बैठकीत जे कळले त्यातले निम्मे आमच्या अंगणाविषयी होते. शैवालाला लागते ते स्फुरद (फॉस्फरस), आणि ते तळ्यात येते हिरवळीच्या खतातून, कुजलेल्या पानांतून, हंसांच्या विष्ठेतून आणि घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतून. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदाचाच तुटवडा असतो, म्हणून त्याची थोडी भर पडली तरी शैवाल उचल खाते. न्यू जर्सीत २०११ च्या कायद्याने हिरवळीच्या खतातून स्फुरद जवळपास काढून टाकले आहे आणि थंडीच्या महिन्यांत खत टाकायलाही बंदी आहे. आमच्या यजमानांनी मात्र आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये सोडलेल्या जुन्या पिशव्या एप्रिलमध्ये मोठ्या हौसेने उताराच्या हिरवळीवर रिकाम्या केल्या होत्या. बैठकीत आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही. सेप्टिक टाकी दर तीन वर्षांनी उपसायची असते, हेही तिथेच कळले. आमची किती वर्षांत उपसलेली नव्हती हे टाकी उघडल्यावर समजले आणि त्याचे वर्णन मी इथे करत नाही.

तिथून आमचे वर्ष तळ्याच्या हिशेबाने चालू लागले. ऑक्टोबरमध्ये पाने. मेपल आणि ओक वृक्षांची पाने इतकी पडतात की अंगण दिसेनासे होते, आणि ती वाऱ्याच्या यंत्राने पाण्यात ढकलून मोकळे होण्याचा मोह प्रत्येकाला होतो. एक पान पाण्यात कुजले तर काही बिघडत नाही, पण शंभर अंगणांतली पाने वर्षानुवर्षे तळाशी साचली की गाळ चढतो. म्हणून श्रमदानाचा पहिला शनिवार पानांसाठी असतो.

त्याच सुमारास पाणी उतरवतात. राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचा परवाना काढून, सांडव्याजवळचे दार थोडे थोडे उघडून, तळ्याची पातळी खाली नेली जाते आणि वसंतापर्यंत पुन्हा भरू दिली जाते. होपॅटकाँगमध्ये ती साधारणपणे दरवर्षी २६ इंच आणि पाच वर्षांतून एकदा ६० इंच उतरवत आले आहेत. यामागे दोन हेतू असतात. पाणी गोठले की बर्फ पसरतो आणि काठाच्या भिंती व लाकडी धक्के उखडतो, तो त्यांच्यापासून दूर राहावा, हा पहिला. दुसरा हेतू मला अधिक हुशारीचा वाटतो. युरेशियन मिलफॉइल नावाची एक पाणवनस्पती इथे फार माजते आणि उथळ काठ उघडा पडून गोठला की तिची मुळे मरतात. तिला हाताने ओरबाडण्यात फायदा नसतो, कारण तिचा तुटलेला प्रत्येक तुकडा तरंगत जातो आणि जिथे टेकतो तिथे नवे रोप धरतो. मोटारबोटीचा पंखा तिच्या जाळीतून गेला की फुकटात लागवड होते. हा नियम मी तेव्हा पाठ केला आणि पुढे शिंगाड्याच्या बाबतीत मला तो नेमका उलटा करून शिकावा लागला.

उघड्या पडलेल्या चिखलात गमबूट घालून आम्ही वर्षभराचा कचरा वेचतो. गळाला लावायची शिसाची वजने, बुडालेल्या खुर्च्या आणि एकदा तर एक संपूर्ण पोस्टाची पेटी निघाली. पाळीवर उगवलेली झाडेही याच दिवसांत कापतात. याचे मला आश्चर्य वाटले होते, कारण आमच्या गावच्या तलावाची पाळ म्हणजे मोठमोठ्या झाडांची सावलीच. पण झाड मेले की मुळे कुजतात, त्यांच्या जागी पाळीच्या पोटात बोगदे राहतात आणि पाणी तिथून वाट काढते, असे तपासणीला आलेल्या अभियंत्याने समजावून सांगितले. २००० च्या ऑगस्टमध्ये जवळच्याच स्पार्टा भागात अतोनात पाऊस होऊन लहान बंधारे फुटले होते. जुन्या रहिवाशांना ती रात्र आठवते, म्हणून पाळीवरच्या कोवळ्या रोपट्याचीही इथे कोणी गय करत नाही.

हिवाळ्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. काळा, नितळ बर्फ चार इंच जाड झाला की माणसे त्यावर उतरतात. शाळामास्तर गिरमिटाने भोके पाडून इंच मोजतात आणि खांबाला फळी लावतात, आणि त्या फळीवर आकडा लागेपर्यंत मुले काठावर घसरबुटांची जोडी गळ्यात अडकवून उभी राहतात. मी आजवर फक्त दोनदा त्या बर्फावर चालले आहे. दोन्ही वेळा पायाखालून आलेल्या घुमणाऱ्या आवाजाने काळजाचे पाणी झाले. बर्फ जाड होताना असा आवाज करतोच, हे कळल्यावरही भीती गेली नाही.

वसंतात हंसांची कामगिरी असते. कॅनडा गूज नावाचे हे करड्या अंगाचे, काळ्या मानेचे पक्षी एकेकाळी फक्त प्रवासाला थांबत, आता त्यांचे कितीतरी थवे बारा महिने इथेच राहतात. आखूड कापलेली हिरवळ हे त्यांचे आवडते खाद्य आणि तळ्याकाठच्या माणसाला तीच हौस. केंद्र सरकारच्या वन्यजीव सेवेकडे नोंदणी करून त्यांची अंडी निकामी करता येतात. अंडे पाण्यात टाकायचे, बुडले तर त्याला मक्याचे तेल चोळून परत घरट्यात ठेवायचे, म्हणजे कवचाची छिद्रे बुजतात आणि आतला जीव वाढत नाही. मादी मात्र उबवत बसते आणि दुसरी अंडी घालत नाही. अंडे तरंगले तर त्यातला जीव पुढे गेलेला असतो, ते तसेच सोडून द्यायचे. मला तेल चोळणे जमले नाही. मी उघडी छत्री घेऊन फिसकारणाऱ्या नराला अडवण्याचे काम घेतले आणि त्या दिवशी घरी येऊन अंड्याची पोळी केली नाही, एवढे सांगते. पण त्या कामाला मी विरोधही केला नाही, कारण पोहण्याच्या जागेवरची विष्ठा फावड्याने उचलण्याची पाळी माझ्यावर आलेली होती.

आता शिंगाड्याकडे येते. २०२१ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. आम्ही दोघे संध्याकाळी कयाक घेऊन ओढा जिथे तळ्याला मिळतो त्या कोपऱ्यात गेलो होतो. पाण्यावर हिरव्या पानांच्या चकत्या पसरलेल्या दिसल्या. तिकोनी, दातेरी पाने, मध्याभोवती फुलासारखी मांडलेली, आणि प्रत्येक देठाला हवेने फुगलेली गाठ. मी ते पाहताक्षणी ओळखले. पुढे विसरून गेलेल्या एखाद्या मैत्रिणीचा चेहरा परक्या गावच्या बाजारात दिसावा, तसे झाले. चकती उलटी केली तर खाली शिंगाडे लटकलेले. फक्त आपल्या शिंगाड्याला दोन शिंगे असतात, याला चार होती आणि ती सुईसारखी टोकदार. मी आनंदाने फोटो काढले आणि "आमच्या गावाकडे हे उपवासाला खातात," असे लिहून वस्तीच्या गटात पाठवले.

अर्ध्या तासात अध्यक्षबाईंचा फोन आला. आवाजात घबराट होती. नेमकी जागा कोणती, किती चकत्या, कोणी हात लावला का, असे प्रश्न. इथे शिंगाड्याच्या वेलीला वॉटर चेस्टनट म्हणतात आणि ईशान्य अमेरिकेतल्या तळ्यांची ती डोकेदुखी आहे. (चिनी जेवणात डब्यातून मिळणारे वॉटर चेस्टनट वेगळेच, ते एका लव्हाळ्याचे कंद असतात.) १८७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या वनस्पतिउद्यानात ती शोभेसाठी वाढवली गेली, तिथून आसपासच्या पाण्यात गेली, आणि १८८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोशियाजवळच्या तळ्यातही पोहोचली. आपल्याकडचा दोन शिंगांचा आणि हा चार शिंगांचा शिंगाडा एकच जात मानायची की वेगळ्या, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचे एकमत नाही. जात कोणतीही असो, पानांच्या चकत्या एकमेकींना चिकटून पाणी झाकून टाकतात, खाली ऊन पोहोचत नाही, खालच्या वनस्पती कुजतात, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. शिवाय त्या काट्यांवर अनवाणी पाय पडला तर पोहणे कायमचे विसरावे लागते.

घाबरून आम्ही दुसऱ्याच दिवशी दहा-बारा जण कयाक घेऊन तुटून पडलो आणि तिथे मोठी चूक केली. ऑगस्टअखेर फळे पिकलेली असतात. धसमुसळेपणाने ओढलेल्या प्रत्येक चकतीखालून दोन-चार शिंगाडे टपटप पाण्यात पडत होते आणि आम्ही पोती भरल्याच्या समाधानात होतो. चिखलात पडलेले शिंगाडे पुढच्या वसंतात उगवतात, आणि न उगवलेले बारा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे त्या शनिवारी आम्ही जे उपटले त्याहून अधिक आपल्याच हातांनी पेरले. कृषी विस्तार सेवेच्या तज्ज्ञ बाई नंतर पाहणीला आल्या, त्यांनी सौम्य शब्दांत हे सांगितले तेव्हा काठावर कोणी काही बोलले नाही.

त्या हिवाळ्यातल्या बैठकीत बरीच वादावादी झाली. काहींना परवानाधारक माणूस आणून तणनाशक फवारून घ्यायचे होते, म्हणजे पैसे देऊन विषय संपला असता. हिशेब मांडल्यावर ते एका वर्षाचे काम नाही हे दिसले, आणि ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या कमळांचेही त्यात नुकसान होणार होते. मिलफॉइलचा अनुभव असलेल्या एका आजोबांचे म्हणणे होते की हात लावूच नये, तुकडे होऊन पसरेल. पण शिंगाडा हे एकवर्षायू झाड आहे, दंव पडले की मरते, त्याचा पुढच्या वर्षीचा सगळा भरवसा फळांवर असतो. फळ धरण्याआधी सगळी रोपे काढली आणि हे सलग काही वर्षे केले की चिखलातला साठा संपतो. त्यामुळे मिलफॉइलला हात लावू नये आणि शिंगाड्याला लावल्याशिवाय राहू नये, असा उलटा नियम त्या सभेत ठरला. मतदान हाताने उपटण्याच्या बाजूने झाले. नियोजन कोणाकडे, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. ही वेल लांबून ओळखणारी सभेत मी एकटीच होते.

२०२२ च्या जूनपासून जी पद्धत बसली ती थोडक्यात अशी. चकत्या जूनच्या सुरुवातीला पाण्यावर येतात, तेव्हा पहिली पाहणी. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी उपटणी, आणि ऑगस्टमध्ये राहून गेलेल्या चुकार रोपांसाठी एक फेरी. वारा पडलेला असताना, सकाळी आठच्या आत निघायचे, कारण लाटांवर चमक आली की पाने दिसत नाहीत. एका कयाकमध्ये दोघे, एकाने वल्हवायचे, दुसऱ्याने काढायचे. चकती धरून हिसका द्यायचा नाही, तिच्याखालून देठ चाचपत हात जाईल तितका खोल न्यायचा आणि सावकाश ओढायचे. मूळ चिखलातून सुटताना हाताला एक हलकासा झटका जाणवतो, तो जाणवला नाही तर देठ मध्येच तुटला असे समजायचे आणि त्या जागी वहीत खूण करायची. काढलेली चकती पाण्याबाहेर काढण्याआधीच उलटी करायची, म्हणजे फळे वर राहतात. ठेवायला धुण्याचे कपडे ठेवायच्या जाळीदार प्लास्टिकच्या बास्केटी वापरतो, त्यांतून पाणी निथळते, नाहीतर कयाकच बुडते. आमच्या यजमानांचे पहिल्या दिवशी बुडाले. तळे तिथे चारच फूट खोल होते, पण चष्मा आजतागायत सापडलेला नाही.

पहिल्या मोसमात आम्ही एकूण ६३ बास्केटी काढल्या. काढलेला पाला तळ्यापासून दूर, पाण्याचा उतार नसलेल्या जागी पसरून वाळवतो. तिथे जून-जुलैत असा काही वास येतो की माझ्या गावच्या तलावाची सुट्टीतली दुपार डोळ्यांपुढे उभी राहते.

आईला मी हे फोनवर सांगितले तेव्हा तिला आधी ते खरेच वाटेना. "अवो माय, काहून फेकता? उकडून खाऊन पाहा ना," ती म्हणाली. मी सांगितले की या तळ्यात मागे मिलफॉइलसाठी तणनाशक मारलेले आहे आणि गाळात काय काय असेल कोण जाणे, म्हणून खात नाही. मग मी तिला विचारले की आपल्या तलावात इतकी वर्षे शिंगाडा होता, तो कसा कधी माजला नाही. तिला प्रश्नच कळेना. "माजन कायले?" ती म्हणाली. "ढिवर लावत, ढिवरच तोडत. खाणारा बसला आहे तिथं उरते काय?" आणि मग तिने सांगितले की आता त्या पाण्यात शिंगाडा नाही, काठाकाठाने बेशरम नावाची वनस्पती माजली आहे आणि ती तोडायला कोणी जात नाही, कारण ती गुरेही खात नाहीत.

तिचे ते बोलणे माझ्या मनात बराच काळ राहिले. गावाकडे तलावाचा राखणदार तलावावरच जगत होता, त्यामुळे राखण हे वेगळे काम नव्हते. इथे या पाण्यावर कोणाचेच पोट नाही. म्हणून वर्गणी, परवाना, यादी, शनिवार हे सगळे उभे करावे लागते आणि दरवर्षी पुन्हा लोकांना घरातून बाहेर काढावे लागते. मी याद्या करताना कधी कंटाळते तेव्हा मला आमच्याकडच्या त्या ढिवर बाया आठवतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या काही गावांत गेल्या काही वर्षांत त्यांनीच पुढाकार घेऊन तलावांतली बेशरम उपटली आणि माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्या गाळात कमरेइतक्या उभ्या राहून हे करतात. आम्ही कयाकमध्ये बसून करतो आणि मध्ये कॉफी पितो.

एक गोष्ट बाजूला राहिली. गणपतीत आमच्या घरी शाडूची लहान मूर्ती असते आणि पहिल्या दोन वर्षी आम्ही ती तळ्यात विसर्जित करण्याचा विचार करत होतो. २०१९ नंतर तो आपोआप मागे पडला. आता अंगणातल्या बादलीत विसर्जन होते आणि ती माती कुंड्यांत जाते. तळ्यावर आरती मात्र होते आणि शाळामास्तर प्रसादाला न चुकता येतात. त्यांना मी एकदा दुकानातून आणलेल्या शिंगाड्याच्या पिठाचा शिरा दिला आणि खाऊन झाल्यावर तो कशाचा होता हे सांगितले. त्यांनी वाटीकडे एकदा पाहिले, मग तळ्याकडे पाहिले, आणि आणखी थोडा मागितला.

आकडे असे आहेत. ६३ नंतरच्या वर्षी ४१ बास्केटी निघाल्या, त्यानंतरच्या वर्षी १७, आणि गेल्या वर्षी सगळे मिळून ४ भरल्या नाहीत. कमी होऊ लागल्यावर काम सोपे होईल असे मला वाटले होते. झाले उलटे. पूर्वी माणसे येत, कारण हिरवा थर काठावरून दिसत असे. आता तासभर वल्हवून एखादी चकती सापडते, तरुण मंडळी कंटाळतात आणि पाणी स्वच्छ तर दिसते आहे, मग आम्ही कशाला, असे विचारतात. त्यांना मी माझ्या टेबलावरचा चार शिंगांचा वाळलेला शिंगाडा हातात देते. पहिल्या वर्षीच्या त्या चुकीच्या शनिवारचा तो आहे. त्या दिवशी पडलेल्या फळांची बारा वर्षे २०३३ मध्ये भरतील, तोवर वही बंद करता येणार नाही.

या जूनच्या पाहणीत ओढ्याच्या तोंडाशी नऊ चकत्या दिसल्या आणि दोन नव्या ठिकाणी, पोहण्याच्या जागेपासून फार दूर नाही. हंसांच्या पिसांना अडकून फळ तिकडे गेले असावे. पुढच्या शनिवारसाठी सहा नावे आली आहेत, आठ हवी आहेत, आणि दोन जणांच्या एका कयाकचे वल्हे मोडलेले आहे.